पाचवा खर्डा

टिपणीसांनी यंदा माझ्याकडे कथा मागितलीच नाही. एकोणीस वर्षं त्यांच्या दिवाळी अंकात माझी कथा असायची. मग तीन वर्षं मी "पुढच्या आठवड्यात देते" म्हणत राहिले आणि तो आठवडा काही उजाडला नाही. एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला तेव्हा मी नवी सबब तयार ठेवली होती. ते म्हणाले, "रंजनाताई, यंदा तुम्ही पुस्तक-परीक्षणं कराल का? चार, लहानशी. सवडीनं." इतकं गोड बोलून आजवर कोणी मला निवृत्त केलं नव्हतं. "बघते" म्हणाले, आणि फोन ठेवून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले.

मी रंजना धांडे. वय चौपन्न, मुक्काम अमरावती. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, आणि नावावर सात कथासंग्रह, चार कादंबऱ्या आहेत. चौथी कादंबरी ज्या दिवशी पुरी केली त्याच दिवशी आई गेली, आणि त्यानंतर एक ओळ लिहून झाली नाही. विषय नव्हते असं नाही. टेबलाशी बसलं की बोटं गार पडायची, तिसऱ्या वाक्याला श्वास अडकायचा. मग मी उठून भाजी निवडायला घ्यायची.

'लेखणीघर, चिखलदरा. चौदा दिवस. लिहिणं थांबलेल्यांसाठी.' ही जाहिरात मी आधीही पाहिली होती आणि तिची टिंगल केली होती. डोंगरावर नेऊन बसवल्यानं माणूस लिहिता झाला असता, तर मेळघाटातली समस्त माकडं कादंबरीकार झाली असती. पण गरजवंताला अक्कल नसते. टिपणीसांच्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मी अर्ज भरला.

दोन हजार सदतीस सालचा मे महिना होता. खाली अमरावतीत पारा एकोणपन्नासवर, आणि वर कॉफीच्या झुडपांमधून गार वारा. आम्ही सहा जण होतो. त्यातले नाटककार तायडे माझ्या ओळखीचे. पहिल्याच सकाळी डॉ. ऋतुजा हिरुळकरांनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं. चाळिशीच्या आतली मेंदूशास्त्रज्ञ बाई, पायात साधी स्लिपर, बोलणं स्वच्छ.

"आठवण एकदा कोरली की कायमची, असं आपण समजतो," त्या म्हणाल्या. "पण आपण एखादी आठवण काढतो ना, तेव्हा तिला धरून ठेवणारे मेंदूच्या पेशींमधले सांधे काही तास सैल पडतात. मग नवी प्रथिनं तयार होतात आणि ते पुन्हा घट्ट बसतात. गुळाच्या ढेपेसारखं आहे हे. वितळवली की ओतता येते, निवली की पुन्हा ढेप. त्या सैल तासांत भीतीचं रसायन अडवलं, तर आठवण राहते आणि तिचा डंख जातो."

उंदरांवर हे पूर्वीच सिद्ध झालं होतं. अडचण एवढीच होती की माणसाची नेमकी ती आठवण सैल झाली आहे की नाही, हे बाहेरून कळत नसे. डॉक्टरांनी शोधली होती ती कपाळाला बांधायची पट्टी. मेंदूतल्या विजेमुळे जे इवलंसं चुंबकीय क्षेत्र तयार होतं ते ती वाचायची, आणि आठवण सैल झाली की समोरच्या पेटीवर पिवळा ठिपका लागायचा. मग नाकात औषधाचा फवारा, आणि ज्या प्रसंगानं लिहिणं गोठवलं तो मोठ्यानं सांगायचा. अर्ध्या अर्ध्या तासानं, पाच वेळा.

"कोणाकोणावर करून पाहिलंय?" तायडेंनी विचारलं.

"रुग्णवाहिकेचे चालक, अग्निशमन दलातली माणसं, परिचारिका. चारशे जण. एकालाही अपाय नाही."

"आणि लेखक?"

"लेखकांचा मेंदू काय वेगळा असतो?" डॉक्टर हसल्या. आम्हीही हसलो. "अट एकच. जसं घडलं तसं सांगा."

यापुढचं मी तिथल्या ध्वनिमुद्रणावरून लिहिते आहे. माझ्या आठवणीवर विसंबून ते लिहिता येणार नाही, का ते कळेलच.

पहिल्या खेपेला माझा आवाज फाटलेला आहे. मी सांगते, सकाळी नऊला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण उषा. ती दर्यापूरला असते, आई तिच्याचकडे होती, शेवटची दोन वर्षं अंथरुणावर. ताई म्हणाली, लक्षण ठीक दिसत नाही, ये. मी म्हणाले, शेवटचं प्रकरण चालू आहे, दुपारी निघते. मग नळवाला आला, मोरीचा पाइप गळत होता, त्याच्यात अर्धा तास गेला. एक वाजता ताईचा पुन्हा फोन. मी म्हणाले, चार पानं राहिली आहेत. अमरावतीहून दर्यापूर तासाभराचा रस्ता. साडेतीनला तिसरा फोन वाजला तो मी उचललाच नाही, उलटा करून ठेवला. पाचला कादंबरी संपली, आणि खुशीत मी फोन सुलटा केला. आई साडेचारला गेली होती.

त्यानंतर ध्वनिमुद्रणात बराच वेळ नुसतं माझं रडणं आहे.

रुग्णवाहिका चालवणाऱ्या माणसाला एक प्रसंग पाच वेळा सांगायला लावा, तो पाचही वेळा तोच सांगेल, थोडा कंटाळून. लेखकाला लावा, तो पाच खर्डे करील. आम्हाला दुसरं येतच नाही. दुसऱ्या खेपेला माझ्या सांगण्यातून नळवाला गेला. त्याचं काही काम नव्हतं. तिसऱ्या खेपेला मी सुरुवात बदलली आणि उलट्या ठेवलेल्या फोनपासून सांगू लागले. चौथ्या खेपेला तीन फोन पसरट वाटले असावेत, कारण तिथे एकच फोन उरला आहे. तोवर आवाजातलं रडू गेलंय, उत्सुकता आली आहे. पाचव्या खेपेला प्रश्न आला असणार की त्या एका फोनवर बोलायचं काय. 'मी येत नाही' असं निवेदिकेच्याच तोंडी घातलं की वाचकाचं तिच्यावरून मन उठतं. म्हणून मी ताईला बोलतं केलं. "घाई कायले करतं व? माय बरी आहे. उद्या ये आरामात." वाक्य चांगलं होतं, ताईच्या तोंडी चपखल बसणारं. काचेबाहेर बसलेले डॉक्टरांचे सहायक माझ्या नाडीचा आलेख पाहत होते आणि तो सुंदर उतरत होता.

वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि वांग्याला पत्ताच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अकरा पानं लिहिली. बोटं ऊबदार होती. त्या चौदा दिवसांत मी जितकी सुखी होते तितकी आयुष्यात क्वचितच झाले असेन, हे खरं ते सांगायला हवं. तायडे शेजारच्या खोलीत संवाद म्हणत लिहायचे, मी भिंतीवर थाप मारून त्यांना गप्प करायची आणि पुन्हा लिहायची. खाली उतरले तेव्हा पिशवीत एक दीर्घकथा होती आणि डोक्यात कादंबरी. कथा आईच्या मरणावर होती. त्यात दोन बहिणी होत्या. थोरली धाकटीला मुद्दाम कळवत नाही, शेवटची घटका एकटीच्या वाट्याला यावी म्हणून. मला ती खरीखुरी हकिगत वाटत होती. नुसती वाटत नव्हती, मला ती आठवत होती. ताईचा तो निवांत आवाज, तो कानाला लावलेला गरम फोन. मी ताईचे फोन उचलणं बंद केलं.

टिपणीसांनी कथा वाचून लगेच फोन केला. म्हणाले, "अंकाची पहिली कथा."

ताई दरवर्षी त्या अंकाची वर्गणी भरते, फक्त माझ्या कथेसाठी. दिवाळी होऊन चार दिवस झाले होते. ती सकाळच्या गाडीनं एकटीच आली, हातात करंज्यांचा डबा आणि पिशवीत अंक. पासष्ट वर्षांची बाई, गुडघे धरून तीन जिने चढली. पाणीसुद्धा प्यायली नाही.

"रंजू, हे काय लिहिलं व तू?"

"कथा आहे."

"कथा होय. पण पाटलाची बायको इचारते, उषाताई, असं काऊन केलं तुमी? मी काय सांगू तिले?"

"खरं सांग," मी म्हणाले. "तू मला येऊ नको म्हणालीस. तू मला आईचा चेहरा पाहू दिला नाहीस."

"मी? मी तुले येऊ नोको म्हटलं?"

"माझ्या कानात आहे तुझं वाक्य."

"तीन खेपा फोन केला मी तुले. तीन खेपा, रंजू! अन् माह्याशी असं पुस्तकातलं बोलू नोको, आपल्या घरातलं बोल."

मला त्या क्षणी ती ढोंगी वाटली. मी उठले आणि तिची पिशवी तिच्या हातात दिली. माझ्या सख्ख्या बहिणीला मी घराबाहेर काढलं, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही. ती दारात वळली, म्हणाली, "दोन वर्षं मायचं हागणंमुतणं केलं मी. तुले कधी बोलून दाखवलं का? नाही न?" मग कठडा धरत एकेक पायरी उतरून गेली.

जानेवारीत डॉ. हिरुळकरांचा फोन आला. आवाज पूर्वीचा नव्हता. तायडेंच्या बायकोनं तक्रार केली होती. तायडे गावभर सांगत सुटले होते की वडिलांनी मरता मरता त्यांना जवळ घेऊन क्षमा केली, आणि वास्तवात वडील आठ दिवस बेशुद्धीत होते. ध्वनिमुद्रण काढलं तर पाचव्या खेपेला तायडेंनी त्यांना चांगलं पानभर स्वगत दिलेलं. मग डॉक्टरांनी सगळ्यांचीच ध्वनिमुद्रणं ऐकली. सहापैकी चौघांनी खर्डे केले होते.

मी चिखलदऱ्याला गेले आणि काचेच्या खोलीत बसून पाचही ऐकली. पाचवं ऐकताना मी मान डोलावली, अगदी असंच झालं. पहिलं ऐकताना समोर कोणी नटी रडते आहे असं वाटलं. आवाज माझा होता, नळवाला होता, तीन फोन होते, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं.

"चूक माझी आहे," डॉक्टर म्हणाल्या. "ढेप वितळलेली असताना औषध द्यायचं एवढंच मी पाहिलं. त्यात तुम्ही काय मिसळता आहात ते पाहिलं नाही."

"आता?"

"पुन्हा सैल करून खरी हकिगत बसवता येईल. औषधाशिवाय. पण मग जे दुखायचं ते दुखेल. आणि लिहिणं..." त्यांनी ध्वनिमुद्रण बंद केलं. "लिहिणं बहुधा पुन्हा अडेल. ते मला तुमच्यापासून लपवता येणार नाही."

तसंच झालं पुढे, ही हकिगतसुद्धा दिवसाला दोन-दोन ओळी करत लिहिते आहे, हे इथेच सांगून टाकते.

मी घरी आले. टेबलावर कादंबरीची एकशेसाठ पानं होती, आणि ती चांगली होती, हीच तर पंचाईत. आठ दिवस मी स्वतःची समजूत घालत होते. खरं काय ते आता मला ठाऊक आहे, मग ते आठवलंच पाहिजे असं कुठे आहे? ताईची माफी मागायची, अंकात खुलासा छापायचा, आणि लिहीत राहायचं. नवव्या दिवशी मी ताईला फोन लावला. "ताई, माझं चुकलं. तू तीन वेळा फोन केला होतास. मीच आले नाही."

तिनं एकच विचारलं.

"तुले आठवते का आता?"

"नाही. पण ते खरं आहे."

"मंग तू नुसतं वाचून दाखवून रायली, रंजू," ती म्हणाली. "मले तसली माफी नोको."

तिचं बरोबर होतं. माफी मागत असतानाही माझ्या पोटात तिच्याबद्दलचा राग तसाच बसलेला होता. आई गेली, आणि आता ज्या एका माणसाबरोबर मला आईबद्दल बोलता आलं असतं तेही मी घालवणार होते, एका चांगल्या वाक्यापायी. मला भीती वाटली. कधी वाटली नव्हती इतकी. मी डॉक्टरांना कळवलं, पट्टी बांधा.

पण पहिल्या ध्वनिमुद्रणातल्या माझ्या आवाजानं पेटीवरचा ठिपका लागेना. मेंदू तो आवाज परक्याचा धरत होता. दोन दिवस खटपट करून डॉक्टर म्हणाल्या, "त्या दिवसाचं दुसरं कोणी साक्षीदार आहे का?"

ताईला तिकडे बोलवायचं तोंड मला नव्हतं. डॉक्टरांनीच फोन केला. ती काय म्हणाली ते मला माहीत नाही, पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी ती भाऊजींबरोबर आली. अंगात त्यांचा स्वेटर, डोक्याला स्कार्फ. माझ्या कपाळावरच्या पट्टीकडे तिनं पाहिलं आणि डॉक्टरांना विचारलं, "हिले दुखन तं नाही?"

समोरासमोर दोन खुर्च्या. ताईनं बोलायला तोंड उघडलं, "रंजू," एवढंच म्हणाली, आणि ठिपका पिवळा झाला.

"सकाळी नऊ वाजता मी तुले फोन केला. माय पानी घेत नोहती. तू म्हनली, दुपारी निघतो. एक वाजता केला. तू म्हनली, चार पानं रायली. साडेतीनले केला, तो तू उचलला नाही. साडेचारले माय गेली. बस, एवढंच."

अर्ध्या तासानं पुन्हा तेच. शब्दाला शब्द. तिसऱ्यांदाही तेच. तिला माझ्यासारखी सजवायची खोड नाही. तिसऱ्या खेपेला मला नळवाल्याच्या हातातला पाना दिसला. चौथ्या खेपेला माझी बोटं गार पडायला लागली, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. एक वाजताचा फोन आठवत होता. मी "चार पानं" म्हणाले होते, आणि चिडून म्हणाले होते. माझ्या तोंडून कसलासा आवाज निघाला. ताई ते बघत होती.

पाचव्या खेपेला तिनं माझा हात हातात घेतला.

"सकाळी नऊ वाजता मी तुले फोन केला. तू म्हनली, आत्ता निघतो. अन् तू निघाली बी. वलगावपावेतो आलती तू, तं गाडी बंद पडली..."

काचेपलीकडे डॉक्टर ताडकन उभ्या राहिल्या. मी हातानंच त्यांना थांबवलं.

"ताई, थांब व. मी निघालीच नोहती."

"कोन म्हनते?"

"तूच म्हनली. चार खेपा."

"मंग हे पाचवं हाय न? ही मॅडम म्हनते पाचवं तेच बसते. बसू दे." तिचे डोळे भरले होते, पण आवाज धाकाचा होता, लहानपणी पाटीवर गिरवायला लावायची तसा. "तुया रागही जाईन अन् तुले दुखनही नाही. मी कोनाले सांगत नाही. माय का परत येते आता? तू आपली लिही सुखानं."

मला ते हवं होतं. खोटं कशाला सांगू, फार हवं होतं. वलगावची बंद पडलेली गाडी मला दिसायलाही लागली होती. बोनेट उघडं, मी रस्त्याच्या कडेला उभी, जीव दर्यापूरकडे लागलेला. किती चांगली मुलगी होते मी त्या खर्ड्यात! आणखी पाच मिनिटं गप्प बसले असते तर जन्मभर तशी राहिले असते. आणि ज्या बहिणीला मी गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, तिनं ते एकटीनं पोटात ठेवलं असतं, बाकी सगळं ठेवलं तसं.

"ताई," मी म्हणाले, "जसं झालं तसंच सांग. माह्यासाठी काही वगळू नोको. सगळं सांग."

"सगळं?"

"सगळं."

तिनं माझा हात आणखी घट्ट धरला. मग तिनं पहिल्यापासून सांगितलं. नऊ वाजता, एक वाजता. साडेतीनच्या फोनपाशी ती अडखळली.

"तो फोन मी नोहता केला. मायनं कराले लावला. एक वाजल्यापासून इचारत होती, रंजी निघाली का. मी म्हटलं, निघाली. तं म्हने, माही खाट फिरव. तोंड दाराकडे कर, रंजी आली की मले दिसली पायजे. मी अन् तुया भाऊजीनं मिळून फिरवली. पश्चिमेचं दार, ऊन सरळ तिच्या डोयावर येत होतं. मी म्हटलं, माय, पडदा ओढतो. तं नाही म्हने. पडद्यातून दिसत नाही म्हने. तशीच ऊन खात दाराकडे पाहत रायली. मंग फोन लाव म्हने, कुठपावेतो आली इचार. लावला. तू उचलला नाही. मी तिले सांगतलं, गाडी चालवून रायली, म्हून उचलत नाही. तिले पटलं. म्हने, बरं हाय, हळू येऊ दे."

हे ताईनं मला चार वर्षं सांगितलं नव्हतं. मी तिला घराबाहेर काढलं त्या दिवशीही सांगितलं नव्हतं.

राग कुठे गेला कळलं नाही. खोलीत मी मोठ्यानं ओरडले, "माय!" असं, आणि डॉक्टर आत धावत आल्या. ताईनं त्यांना मागे सारलं. स्वतःच माझ्या कपाळावरची पट्टी सोडवली, आणि माझं डोकं त्या लोकरीच्या स्वेटरवर दाबून धरलं.

"आली व माय," ती रडत म्हणाली. मला म्हणाली की आईला, ते मी विचारलं नाही. "आली तुयी रंजी."